तान्हा पोळा आटोपल्यावर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो, तेव्हा आपल्या सिंदीत घरात बसून राहणे कोणाला जमत नाही. नातू लाकडी बैलाची दोरी ओढतो, मागून आजोबा काठी टेकत येतात, आया-मावश्या उभ्या राहून कौतुक करतात. तीन पिढ्या एका जागी, तीही आपल्या पायांवर! दुसऱ्या दिवशी पोरे मोबाइलकडे, आजोबा खाटेकडे आणि बाया स्वयंपाकघराकडे परततात.

म्हणून सर्व वयांसाठी खेळाचे मैदान आणि उघड्यावरची व्यायामाची जागा, ज्याला हल्ली ‘ओपन जिम’ म्हणतात, ती सिंदीसारख्या गावात असावी असे माझे ठाम मत आहे. प्रश्न एवढाच, की ती कोणाला डोळ्यांपुढे ठेवून बांधायची?

माझ्या आईचे सांगतो. बहात्तराव्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. घरातल्या सगळ्यांनी ओल्या फरशीला दोष दिला. डॉक्टर असून मीही दिला. पण वर्षभरापासून ती खुर्चीवरून उठताना दोन्ही हात टेकत होती आणि मी ते रोज पाहत होतो. मांड्यांतले बळ गेले होते, तोल गेला होता. फरशी केवळ निमित्त झाली.

वाचकहो, कोणाला तरी जवळ उभे करून, हातांची घडी घालून खुर्चीवरून उठून पाहा. जमले नाही, तर हे मैदान तुमच्यासाठीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे, मोठ्यांना आठवड्याला निदान १५० मिनिटे हालचाल सांगितली आहे. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही सांगितले आहेत. या शेवटच्या सूचनेकडे आपल्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

व्यायामाची परंपरा विदर्भाला नवी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. १९३६ मध्ये त्यांच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले. पण गावोगावच्या आखाड्यांत गेले ते तरुण गडी. आजी कधी गेली नाही. २०२२ सालच्या एका जागतिक अंदाजानुसार भारतात पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढ स्त्रिया ५७ टक्के, तर पुरुष ४२ टक्के. शेतात निंदायला जाणाऱ्या बाईला हे सांगायला मी जाणार नाही. पण दुकानात, कचेरीत आणि घरात बसणाऱ्यांचे काय?

एका काकूंना मी संध्याकाळी मैदानावर जायला सांगितले. त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, या वयात मी झुल्यावर लटकू का? लोक काय म्हणतीन?” त्यांचे चूक नव्हते. नातवाचा झोका आणि आजीचा व्यायाम एकाच कुंपणात असला, तर कोणी काही म्हणत नाही. नातवाला घेऊन आली, असेच दिसते.

आता यंत्रांविषयी. रंगीत यंत्रे उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतात. त्यांतली बरीचशी आपल्याच शरीराचे वजन हलवतात, म्हणजे व्यायाम होतो. पण पायांनी जोरजोरात झुलणाऱ्या यंत्रावर तोल सुधारत नाही, कंबर मात्र धरते. ग्रीस न दिल्यास ती कुरकुरू लागतात, मग गंजतात. शिवाय आपल्याकडचा मे महिना! पारा ४५ च्या घरात असताना उन्हातल्या लोखंडी दांडीला दुपारी हात लावून पाहा.

माझ्या हाती असते तर मी निम्मी यंत्रे कमी करून त्या पैशात कडुनिंब लावले असते, दिवे बसवले असते, पिण्याचे पाणी आणि बायांसाठी स्वच्छतागृह केले असते. धरून चालायला कमरेएवढा कठडा, चढ-उताराच्या चार बुटक्या पायऱ्या आणि न घसरणारी सपाट वाट हवी. आणि नगर परिषदेने बाक बसवताना त्यांना पाठ व दोन्ही बाजूंना हात ठेवायला दांड्या कराव्यात. बिनदांडीच्या बाकावर माझी आई एकदा बसली, की तिला उठवायला दोघे लागायचे.