पोट सुटले म्हणून हिणवू नका, आधी रक्तदाब मोजा

आजाराचे खापर आजारी माणसाच्याच डोक्यावर फोडण्याची आपल्या देशात जुनी खोड आहे. पूर्वी पूर्वजन्मीचे पाप काढले जाई, आता 'टेन्शन' आणि 'आळस' काढला जातो. रक्तदाब वाढला की म्हणायचे, फार विचार करतो. पोट सुटले की म्हणायचे, बसून खातो. दोन्ही वेळा गुन्हेगार तो एकटा माणूस! त्याचे काम, त्याची झोप, त्याचे जगणे यांची चौकशी कुणीच करत नाही. ती चौकशी आता झाली पाहिजे, आणि ती शरीरशास्त्रापासूनच सुरू केली पाहिजे.

आपल्या शरीरात मज्जातंतूंचे एक जाळे असे आहे की जे आपल्या हुकुमाची वाट पाहत नाही. हृदयाचे ठोके, रक्तवाहिन्यांचा ताण, पचन, घाम ही कामे ते परस्पर पाहते. शाळेच्या पुस्तकात त्याला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. तिचे दोन मुख्य भाग आहेत. अनुकंपी भाग माणसाला संकटासाठी सज्ज करतो. परानुकंपी भाग त्याला शांत करतो, अन्न पचवू देतो, विश्रांती देतो. संकटात शरीर लढायला किंवा पळायला कसे तयार होते, हे हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्येच मांडले होते.

समजा, पिसाळलेला कुत्रा अंगावर आला. क्षणात हृदय जोरात धावू लागते. रक्तवाहिन्या आवळतात. मूत्रपिंडे रेनिन नावाचे द्रव्य सोडतात आणि मीठ-पाणी धरून ठेवू लागतात. या तिन्हींमुळे रक्तदाब चढतो. कुत्रा निघून गेला की मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमधील दाब ओळखणारे तंतू मेंदूला खबर देतात आणि दाब उतरतो. निसर्गाची ही व्यवस्था चोख आहे. पण कुत्रा जातच नसेल तर? मुकादम रोज अंगावर येत असेल, बचत गटाच्या नावाखाली कर्ज देणाऱ्या कंपनीचा वसुलीवाला दर आठवड्याला दारात उभा राहत असेल, रात्रपाळीने झोपेचे मातेरे केले असेल, तर ही सज्जता पूर्ण उतरणार कधी?

आता लठ्ठपणाकडे वळू. चरबी म्हणजे पोत्यात भरून ठेवलेला निर्जीव माल नव्हे. १९९४ मध्ये अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन हे संप्रेरक शोधले. ते चरबीच्या पेशी तयार करतात. ते मेंदूला सांगते की साठा भरला, आता भूक आवर. लठ्ठ माणसाच्या शरीरात लेप्टिन भरपूर असते, पण भुकेचे केंद्र त्याचे ऐकेनासे होते. मात्र त्याच लेप्टिनमुळे मूत्रपिंडाकडे जाणारे अनुकंपी तंतू चेतवले जात राहतात, असे संशोधकांचे म्हणणे आहे. म्हणजे भूक कमी होत नाही आणि रक्तदाब मात्र वाढतो. त्यात गळ्याभोवती चरबी साचली की झोपेत श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू घटतो आणि मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. रात्री जो दाब खाली यायला हवा तो येत नाही. घोरणाऱ्याची आपण थट्टा करतो, पण तो बिचारा रात्रभर त्या कुत्र्यापुढे पळतच असतो. सकाळी थकलेला माणूस चालणार कसा? झोप अपुरी राहिली की भूकही वाढते. असे हे दुष्टचक्र आहे.

या चक्रात कोण जास्त सापडतो? ब्रिटनमध्ये मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारी नोकरांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. सगळे पगारी, सगळे एकाच शहरातले. तरीही खालच्या पायरीवरच्या नोकराला हृदयरोगाचा धोका वरच्या साहेबापेक्षा जास्त आढळला. पुढे त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांची लय तपासली गेली. खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये हृदयाला शांत करणाऱ्या परानुकंपी तंतूंचा प्रभाव कमी दिसला. पायरी केवळ पगारपत्रकावर राहत नाही, ती हृदयाच्या ठोक्यातही उतरते!

दुसरा पुरावा कृष्णवर्णीयांचा. काळ्या माणसाच्या रक्तातच उच्च रक्तदाब असतो, असे अमेरिकेत सर्रास बोलले जाई. १९९७ मध्ये रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी एकाच आफ्रिकी वंशाच्या लोकांची तीन ठिकाणची तपासणी प्रसिद्ध केली. उच्च रक्तदाबाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ टक्के आणि अमेरिकेत ३३ टक्के निघाले. वंश तोच, जगणे वेगळे. वजन आणि खाण्यातले मीठ यांचा फरक त्यात मोठा होता. जन्माने माणसाचे भवितव्य ठरते, हा सिद्धांत तिथेही खोटा ठरला.

आणि आपल्याकडे? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळे तपासली. ती इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण अंगावरची चरबी त्या मानाने टिकून असलेली होती. आईच्या पोटात असताना झालेली उपासमार पुढे मधुमेह आणि हृदयरोगाची वाट सोपी करते. म्हणूनच उपाशी पिढीच्या मुलाने शहरात येऊन वडापाव आणि फरसाणावर दिवस काढले की त्याचे पोट लवकर सुटते. हा माज नव्हे, ही भुकेची थकबाकी आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, मोजायचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील २१ टक्के स्त्रिया आणि २४ टक्के पुरुषांना उच्च रक्तदाब आढळला. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. तिशीनंतर प्रत्येकाने सरकारी दवाखान्यात जाऊन दाब तपासावा. १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा पुन्हा पुन्हा आला तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यावी आणि बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये. श्वासाच्या व्यायामाने बीपी मुळापासून जातो, असे सांगणाऱ्या बाबांपासून सावध राहावे. संथ श्वासाने परानुकंपी तंतू जागे होतात, दाब थोडा उतरतो, हे खरे. पण तो गोळीला पर्याय नाही. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. तंबाखू-गुटखा सोडावा, कारण निकोटीन थेट अनुकंपी तंतूंनाच चेतवते.

दुसरी गोष्ट, मागायचे. रात्रपाळीनंतर पुरेशी विश्रांती, हक्काची साप्ताहिक सुट्टी, वस्तीत चालायला मोकळे मैदान, दवाखान्यात महिनाभराची गोळी. हे सारे रक्तदाबाचेच उपचार आहेत आणि ते औषधाच्या दुकानात मिळत नाहीत. ते संघटनेच्या मागणीपत्रकात आले पाहिजेत.

आणि कार्यकर्त्यांनो, एक शब्द तुमच्यासाठी. रात्री दोनपर्यंत बैठका, चहावर चहा, एसटीतली अर्धवट झोप, याला आपण त्याग म्हणतो. पन्नाशीत पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला कार्यकर्ता चळवळीला परवडणारा नाही. यंदाच्या जयंतीत डीजेच्या एका रात्रीच्या पैशात प्रत्येक वस्तीत रक्तदाब मोजण्याचे यंत्र येऊ शकते. ते आणा, आणि पहिला हात तुमचा पुढे करा.