कागद कशाचा, तेही छापा

काल नातीचं बालभारतीचं पुस्तक चाळलं. सुरुवातीच्या पानावर बारीक अक्षरात कागदाची माहिती असते: ७० जीएसएम क्रीमवोव्ह. वजन कळलं, प्रकार कळला. पण तो कशापासून केला, लाकूड, बांबू, उसाचा चोथा की रद्दी, ते काही दिसलं नाही.

आपण बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर, उगवणशक्ती, तारीख बघूनच पैसे देतो. मग लेकरांच्या पुस्तकाला सूट का?

२०२३ मध्ये दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत कोरी पानं घातली. पोरं वह्या नेतच राहिली. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने निर्णय मागे घेतला. ओझ्याची चर्चा खूप झाली. एवढा कागद आला कशातून, हे कोणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

तामिळनाडूत सरकारी टीएनपीएल कारखाना उसाच्या चोथ्यापासून छपाईचा कागद करतो. चोथा साखर कारखान्यावर एका जागी मिळतो, म्हणून जमतं. आपल्या धुळ्याकडची पऱ्हाटी शेतोशेती विखुरलेली. गोळा करायची मजुरी अन् गाडीभाडं परवडत नाही. खोटं कशाला बोलू, मीही यंदा बांधावर पेटवलीच.

पण पुस्तकावर कागदाचं मूळ छापायची सक्ती झाली, तर कागद घेताना टेंडरमध्येही ते विचारावं लागेल. मग झाड न तोडता केलेल्या कागदाला मागणी येईल, अन् उद्या आपल्या काडीकचऱ्यालाही कोणी भाव विचारेल.

तुमच्या घरातलं पुस्तक उघडून बघा. शाळा समितीच्या बैठकीत विषय काढा.