मोरीबाहेरचे पाणी

२०१३ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. धाराशिवला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. आमच्या घरी त्या दिवसांत आंघोळ बाजेवर बसून व्हायची आणि बाजेखाली घमेले असायचे. अंगावरून ओघळलेले पाणी त्यात साठायचे, त्यात पायपुसणी आणि मळके कपडे भिजायचे, आणि उरलेसुरले परसातल्या कर्दळीला जायचे. टँकरचा भोंगा वाजला की गल्लीत कळशांची रांग लागे. आईला 'पुनर्वापर' हा शब्द कोणी शिकवला नव्हता. पाणी एकदा वापरून फेकायचे नसते, एवढे तिला ठाऊक होते.

आज नळाला पाणी येते. बाज अंगणात परत गेली, घमेले माळ्यावर गेले आणि मोरीतले पाणी पाइपातून थेट गटारात जाऊ लागले. तिथून ते भोगावतीत उतरते. शहरातून जाणाऱ्या या नदीला पावसाळ्याचे काही दिवस सोडले तर स्वतःचे पाणी फारसे नसतेच. तिच्यात वाहते ते आपलेच सांडपाणी. पुलावरून जाताना आपण नाकाला रुमाल लावतो आणि पुढे जातो.

पण हे पाणी इथवर आले कसे, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. शहराच्या पाण्याचा मोठा भार आज उजनीवर आहे. उजनी धरण पूर्ण भरले म्हणजे त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९७ मीटर असते. आपण राहतो बालाघाटाच्या माथ्यावर, सुमारे ६५० मीटरवर. म्हणजे शंभर किलोमीटरहून लांब नळातून येणारे हे पाणी दीडशे मीटर वर चढवावे लागते. पदार्थविज्ञानाचा साधा नियम सांगतो, की एक युनिट वीज एक हजार लिटर पाणी फार तर ३६७ मीटर वर उचलू शकते, तेही पंप-मोटारीत काहीच वाया गेले नाही तर. प्रत्यक्षात तिसरा हिस्सा तरी वाया जातोच. म्हणजे नुसत्या चढावासाठी हजार लिटरमागे अर्ध्या युनिटाहून जास्त वीज लागते. एवढ्या लांब नळातले घर्षण धरले तर हिशेब एका युनिटाकडे सरकतो. इतकी वीज ओतून आणलेले पाणी आपण एकदा वापरतो आणि त्यातला ऐंशी टक्के भाग नाल्यात सोडून देतो. नियोजनकार सांडपाण्याचे प्रमाण साधारण एवढेच धरतात.

याला आणखी एक बाजू आहे, ती जेवताना वाचू नये. उजनीत भीमेचे पाणी येते आणि भीमेला पुणे-पिंपरीचे सांडपाणी घेऊन येणारी मुळा-मुठा मिळते. पुण्याचे सगळे सांडपाणी शुद्ध व्हावे म्हणून जपानच्या कर्जातून अकरा नवी केंद्रे उभारायची योजना झाली. त्याचा करार जानेवारी २०१६ मधला. कामे ठरल्या मुदतीत झाली नाहीत. तेव्हा सांडपाण्याचे पाणी पुन्हा वापरायचे म्हटले की नाक मुरडणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की आपण ते वापरतोच आहोत, फक्त ते दुसऱ्या शहराचे आहे.

मग शुद्धीकरण केंद्र बांधावे आणि मोकळे व्हावे, असे कोणी म्हणेल. देशातला अनुभव मात्र निराळा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. ते शुद्ध करण्याची बांधलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची आणि प्रत्यक्षात शुद्ध होते २०,२३६. म्हणजे बांधलेल्या क्षमतेतलीही तिसऱ्या हिश्शाहून जास्त वापराविना राहते. त्याची कारणे अनेक आहेत. कुठे गटारांची जोडणीच नसते, कुठे माणसे नसतात. लहान गावांत त्यात एक हमखास कारण मिसळते, ते म्हणजे विजेचे बिल.

ही वीज जाते कुठे? मैला खाण्याचे काम यंत्र करीत नाही, जिवाणू करतात. त्यांना प्राणवायू लागतो आणि तो देण्यासाठी टाक्यांत रात्रंदिवस हवा फुंकावी लागते. मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी १९१४ साली ही पद्धत मांडली आणि शंभर वर्षांनंतरही बहुतेक मोठी केंद्रे तिच्याच वंशातली आहेत. अशा केंद्राच्या एकूण विजेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त नुसती हवा फुंकण्यात जाते. हजार लिटरमागे पाव ते अर्धे युनिट लागते, लहान केंद्राला त्याहूनही जास्त. वीज बराच वेळ गेली की जिवाणू गुदमरतात आणि ते पुन्हा रुळावर यायला वेळ लागतो. भारनियमनाची ती वर्षे ज्यांनी मराठवाड्यात काढली आहेत, त्यांना याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

यात काटकसर नक्कीच करता येते. मोठ्या बुडबुड्यांऐवजी बारीक बुडबुडे सोडले तर तेवढ्याच हवेतून पाण्यात जास्त प्राणवायू विरघळतो. रात्री दोन वाजता गाव झोपलेले असते, सांडपाणी कमी येते, तरीही पंखा मात्र सकाळी आठच्याच वेगाने फिरत असतो. पाण्यातला प्राणवायू मोजून पंख्याचा वेग कमीजास्त करणारी साधने आता दुर्मिळ राहिलेली नाहीत. गाळापासून गोबरगॅससारखा वायूही मिळतो. ऑस्ट्रियातल्या श्ट्रास या गावचे केंद्र तर त्यावर स्वतःला लागणारी सगळी वीज तयार करते. मोठ्या शहरांनी हे जरूर करावे. नागपूरने आणखी एक पाऊल टाकले. तिथले शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते आणि पेंचचे तेवढे पाणी शहराला पिण्यासाठी राहते.

आपले शहर लाखाच्या थोडे वरचे, आणि भूम, परंडा, कळंब तर त्याहून कितीतरी लहान. इथे श्ट्रासची नक्कल करणे म्हणजे बैलगाडीला विमानाचे इंजिन बसवणे. आपल्यासाठी मला कर्दळीची वाट जवळची वाटते. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने 'फायटोरिड' नावाची पद्धत विकसित केली. तिच्यात खडी-वाळूच्या वाफ्यातून सांडपाणी संथपणे झिरपते, वाफ्यात कर्दळ, पाणकणीस अशी झाडे असतात आणि त्यांच्या मुळांभोवतीचे जिवाणू मैला संपवतात. उतार साधला तर वीज जवळजवळ लागतच नाही. मोरीच्या तोंडाशी कर्दळ आणि अळू लावणाऱ्या आपल्या आज्यांना हे वाचून हसू आले असते. या पद्धतीला जागा जास्त लागते, हे खरे. वाफ्यांत गाळ साचू नये म्हणून आधी टाकीत तो बसवावा लागतो आणि झाडे वेळच्या वेळी छाटावी लागतात. पण एक माळी पगारावर ठेवणे नगरपालिकेला जमते, लाखाचे वीजबिल जमत नाही. उघड्या तळ्यांची पद्धतही स्वस्त आहे. तरी आपल्या उन्हात पसरट तळी खोदून पाणी आभाळाला दान करावे, हे मला पटत नाही.

सौर पंखे लावा, असेही सुचवले जाते. ऊन आपल्याकडे मुबलक आहे, पण जिवाणू रात्रीही जेवतात! सौर वीज पंपाला जोडावी, हवा फुंकण्यासाठी तिच्यावरच विसंबून राहू नये.

खेड्यांसाठी उपाय आणखी सोपा आहे आणि तो नांदेड जिल्ह्यातच आहे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारे आणि त्यांबरोबर डासही घालवले. मोरीचे पाणी जमिनीत मुरते, विजेचा संबंधच येत नाही. मात्र यात संडासाचे पाणी सोडू नये. आड आणि बोअर जवळ असेल तर मुळीच नाही.

राहिला प्रश्न संडासाच्या टाक्यांचा, आणि तोच सर्वांत अवघड. गेल्या काही वर्षांत भुयारी गटारासाठी शहरातले रस्ते उकरले गेले. तरी जिल्ह्यातली बहुतेक घरे अजून टाकीवरच आहेत. टाकी भरली की गाडी बोलवायची, आणि गाडी तो मैला कुठे ओतते ते विचारायचे नाही, अशी आपली रीत. साताऱ्याच्या वाईने आणि नाशिकच्या सिन्नरने यातून वाट काढली. वाईत २०१८ पासून दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी ठरल्या वेळी उपसायची पद्धत सुरू झाली, कोणी बोलावण्याची वाट न पाहता, आणि तो मैला स्वतंत्र केंद्रात नेला जातो. वेळेवर उपसलेल्या टाकीतून बाहेर पडणारे पाणीही बरेच निवळ असते. ते कर्दळीच्या वाफ्याला झेपते.

हे लिहीत असताना मी घरात सहज विचारले, आपली टाकी शेवटची कधी उपसली? आई म्हणाली, घर बांधले तेव्हा झाकण बसवताना पाहिले होते. त्या झाकणावर आता फरशी आहे आणि फरशीवर पाण्याची टाकी.