पट्टीचे पैसे



परवा मंडळाच्या बैठकीत एकीने विचारले, "अक्का, तुमच्या जाऊबाईंचे ते रक्त तपासायचे मशीन केवढ्याला पडले?" मी आकडा सांगितला. दोघीतिघींनी कपाळाला हात लावला. एक म्हणाली, "एवढ्यात सोन्याचे काहीतरी झाले असते." तेव्हापासून हे लिहायचे मनात आहे.

लहानपणी आलेल्या संधिवाताच्या तापाने माझ्या धाकट्या जाऊबाईंच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. नऊ वर्षांपूर्वी ती बदलावी लागली. डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले. एक गाईच्या किंवा डुकराच्या ऊतींपासून केलेली झडप. तिच्यासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी सहसा जन्मभर लागत नाही, पण काही वर्षांनी ती झिजते. दुसरी कार्बन आणि धातूची. ती टिकते, पण गोळी जन्मभर घ्यायची. तेव्हा जाऊबाई ४६ वर्षांच्या होत्या आणि त्या वयाला दुसरीच बरी, असे डॉक्टरही म्हणत होते. आमच्या घरात मात्र वयाची चर्चा झालीच नाही. "जनावराचे नको," एवढ्यावर निकाल लागला. त्यात मीही होते आणि आजही मला तो निर्णय योग्यच वाटतो. (शस्त्रक्रियेत वापरतात ते हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात, हे मला फार नंतर कळले. तेव्हा कोणी विचारलेही नव्हते.)

निर्णय सगळ्या घराने घेतला, पण रोजची गोळी आणि सुई त्या एकट्या जाऊबाईंच्या वाट्याला आली.

ही गोळी, वॉरफेरिन असो नाहीतर ॲसिट्रॉम, मोजूनमापून घ्यावी लागते. त्यासाठी आयएनआर नावाची तपासणी असते. गोळी न घेणाऱ्या माणसाचा आकडा १ च्या आसपास असतो. जाऊबाईंचा २.५ ते ३.५ मध्ये राहावा, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. त्याच्या खाली गेला तर झडपेवर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. हल्ली काही नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, पण कार्बन-धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत.

आता आपल्या घरातले बघा. पालेभाजीत व्हिटॅमिन के असते आणि ते या गोळीच्या उलट काम करते. चातुर्मासात आपण पालेभाजी सोडतो, वर दशलक्षणात उपवास. चार वर्षांपूर्वी भाद्रपदात जाऊबाईंनी कोणाला न सांगता तीन उपवास लागोपाठ केले. चौथ्या दिवशी दात घासताना रक्त थांबेना आणि दंडावर काळेनिळे डाग उठलेले. सांगलीला नेले तर आकडा ६ च्या वर. गोळी दोन दिवस बंद. कार्तिकात नियम संपल्यावर घरात मेथी, पालक, शेपू यांची रेलचेल झाली आणि आकडा १.७ वर आला. डॉक्टर रागावलेच. म्हणाले, "भाजी खाऊ नका असे मी कधी म्हटले? रोज साधारण सारखी खा आणि बदल करायचा असेल तर आधी सांगा, तपासणी वाढवा."

तपासणी वाढवा, म्हणजे सांगलीच्या फेऱ्या वाढवा. प्रत्येक फेरीला अर्धा दिवस जातो, कोणीतरी सोबत लागते. जाऊबाई म्हणायच्या, "राहू दे, पुढच्या आठवड्यात बघू." तो पुढचा आठवडा ऊसतोडीत जायचा.

मी बी.कॉम. आहे, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. वही घेऊन बसले. मशीन एकदाच घ्यायचे, पण प्रत्येक वेळी नवी पट्टी लागते आणि तिची किंमत आमच्या लॅबच्या तपासणीपेक्षा कमी नाही. पैसे वाचवायला म्हणून हे मशीन घेऊ नका, वाचत नाहीत. वाचतात त्या फेऱ्या आणि टाळाटाळ. लॅब घराजवळ असेल आणि आकडा महिनोन्महिने स्थिर असेल तर मशीनची गरजही नाही. घेणारच असाल तर आधी वर्षाच्या पट्ट्यांचा खर्च मांडा. आमचा अंदाज वर्षाला ३० पट्ट्यांचा निघाला, कारण भाद्रपदात आणि कार्तिकात दर आठवड्याला बघायचे ठरवले आहे.

मेडिक्लेमने शस्त्रक्रियेचे पैसे दिले होते, मशीनचे दिले नाहीत. अमेरिकेत मेडिकेअर हा सरकारी विमा धातूची झडप असलेल्यांना घरच्या तपासणीसाठी २००२ पासून मदत देतो. आपल्याकडे खिशातूनच. आमच्याकडे दीरांनी उसाचे बिल आल्यावर बघू म्हटले. बिल आले, त्यातून मंदिरातला सवाल घेतला गेला, मशीन राहिले. मी तेव्हा स्पष्ट बोलले. जनावराची झडप नको हे आपण धर्म म्हणून ठरवले, तर तिच्या मागचा खर्चही धर्माच्याच खात्यात लिहा. घरात दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी दीरांनी चेक दिला.

घेताना अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलाने घ्या. पट्ट्यांची मुदत बघा. आमच्या मशीनच्या पट्ट्या ३० अंशांच्या वर ठेवायच्या नाहीत, म्हणून उन्हाळ्यात त्या फ्रीजमध्ये असतात. हात कोमट पाण्याने धुवावे, बोट पिळू नये, पहिलाच थेंब लगेच पट्टीला लावावा. सुरुवातीला दोन-तीनदा त्याच दिवशी लॅबमध्येही तपासून आकडे जुळवले. आणि मशीनवरचा आकडा बघून मनाने गोळी कमीजास्त करायची नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

मंडळात एका ताईंनी आईच्या स्मरणार्थ असे एक मशीन द्यायची तयारी दाखवली आहे. त्यावर नाव कोरायचे आणि ते घरोघर फिरवायचे. भावना चांगली, पण मी विरोध केला. घरगुती मशीन एकाच माणसासाठी असते. रक्ताचा मामला आहे, एकीचे दुसरीकडे जाता कामा नये. शिवाय पट्ट्या कोण घेणार? आपल्या चार दानांत औषधदान आहे. एखाद्या गरजू बाईच्या वर्षाच्या पट्ट्या एका घराने उचलाव्यात. पट्टीवर नाव कोरता येत नाही आणि वापरली की ती टाकून द्यायची असते, हे मला माहीत आहे. ताई अजून विचार करते म्हणाल्या आहेत.

जाऊबाई यंदा माताजींना विचारून उपवासाऐवजी एकाशन करणार आहेत. गोळीची वेळही सूर्यास्ताच्या आत, साडेपाचला, वर्षभर एकच ठेवली आहे. रविवारी आकडा २.९ होता. डब्यात सात पट्ट्या शिल्लक आहेत, भाद्रपदाआधी नवा डबा आणावा लागेल. त्याचे पैसे या वेळी मी देणार आहे, दीरांना अजून सांगितलेले नाही.