मांजर परदेशी नेताना : चार महिने कशासाठी?

जर्मनीतील नोकरीचे पत्र हातात पडते आणि दोन महिन्यांत रुजू व्हायचे असते. व्हिसा, घर, मुलांची शाळा, विमानाची तिकिटे अशी यादी तयार होते. त्या यादीत अगदी शेवटी घरातल्या मांजराचे नाव येते. पशुवैद्यकाकडे चौकशी केली की उलगडा होतो : माणसांची कागदपत्रे वेळेत होतील, पण मांजराची आजपासून सुरुवात केली तरी किमान चार महिने लागतील. पुण्या-मुंबईतून नोकरी वा शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्या अनेक कुटुंबांची हीच तारांबळ होते. ‘एवढ्याशा जिवासाठी एवढे कागद?’ ही त्यांची पहिली प्रतिक्रिया असते.

हा कारभार वरकरणी लाल फितीचा वाटला, तरी त्यामागे एका आजाराचे शास्त्र आहे. मांजर घेऊन कुठेही न जाणाऱ्यांनीही ते समजून घेण्यासारखे आहे.

प्रश्न मांजराचा नाही, रेबीजचा

रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसे या आजाराने दगावतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणातून भारतातील वार्षिक मृत्यूंचा अंदाज सुमारे ५,७०० असा निघाला. पूर्वीच्या अंदाजांपेक्षा तो बराच कमी आहे. तरीही लस उपलब्ध असलेल्या आजारासाठी हा आकडा लाजिरवाणाच म्हणायला हवा.

माणसांतील बहुतांश रेबीज कुत्र्यांमुळे होतो. मांजर या विषाणूचे मूळ घर नाही. पण बाधित कुत्रा किंवा अन्य प्राणी चावला तर मांजरालाही रेबीज होतो आणि तिच्यापासून तो माणसाला होऊ शकतो. ज्या देशांनी मोठ्या कष्टाने हा आजार हद्दपार केला, त्यांना तो एका पिंजऱ्यातून परत यायला नको आहे. म्हणून ते मांजराची तब्येत पाहण्याआधी ती कोणत्या देशातून येते ते पाहतात. युरोपीय संघ आणि ब्रिटन यांच्या रेबीजविषयक सुरक्षित देशांच्या याद्यांत भारत नाही. म्हणून आपल्या मांजरांना जास्तीची परीक्षा द्यावी लागते.

क्रम चुकला तर सगळे चुकते

युरोपीय संघासाठीची प्रक्रिया चार टप्प्यांची आहे. पहिला टप्पा मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी, पंधरा अंकी क्रमांकाची ही चिप मांजराच्या त्वचेखाली बसवतात. दुसरा टप्पा रेबीजची लस. ती चिपनंतर किंवा चिपसोबतच द्यावी लागते आणि त्या वेळी पिल्लू किमान १२ आठवड्यांचे असावे लागते. चिपच्या आधी टोचलेली लस कागदोपत्री धरली जात नाही, कारण ती याच मांजराला दिली याचा पुरावा उरत नाही. अनेकांचे महिने वाया जातात ते याच चुकीमुळे.

तिसरा टप्पा लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासण्याचा. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रक्तातील रेबीजविरोधी प्रतिपिंडे मोजली जातात. त्यांचे प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून अधिक असावे लागते. चौथा टप्पा प्रतीक्षेचा : रक्त घेतल्याच्या दिवसापासून तीन महिने. म्हणजे पहिल्यांदाच लस घेणाऱ्या मांजराला सुमारे चार महिने, आणि नवजात पिल्लाला जन्मापासून जवळपास सात महिने लागतात. त्यानंतर निघण्याच्या सुमारास केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेच्या कार्यालयातून आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते. मुंबईत हे कार्यालय आहे.

यात एक दिलासाही आहे. एकदा रक्तचाचणी उत्तीर्ण झाली आणि पुढचे लसीकरण मुदत न चुकवता होत राहिले, तर युरोपीय नियमांनुसार ती चाचणी पुन्हा करावी लागत नाही. परदेशी जाण्याची नुसती शक्यता असलेल्या कुटुंबानेही म्हणूनच चिप, लस आणि चाचणी एवढे आधीच उरकून ठेवावे.

रक्त चांगले, तरी तीन महिने का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर विषाणूच्या प्रवासात आहे. चावल्यानंतर रेबीजचा विषाणू रक्तात फिरत नाही. जखमेतून तो मज्जातंतूंत शिरतो आणि त्यांच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाचा काळ म्हणजे अधिशयन काळ. माणसात तो साधारण दोन ते तीन महिन्यांचा असतो, क्वचित आठवड्याभराचा किंवा वर्षभराचाही. प्राण्यांतही तो काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत असू शकतो. या काळात प्राणी ठणठणीत दिसतो, आणि जिवंत, लक्षणरहित प्राण्यात हा संसर्ग खात्रीने पकडणारी कोणतीही चाचणी आज नाही.

रक्तचाचणी संसर्ग शोधत नाही, लस लागू पडली का एवढेच ती सांगते. समजा, लस टोचण्याच्या आधीच मांजराला बाधित कुत्रा चावला असेल, तर चाचणी उत्तम येऊनही आजार आत दबा धरून असू शकतो. ही शक्यता वगळण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे वाट पाहणे. तीन महिन्यांनंतरही मांजर निरोगी असेल तर धोका नगण्य मानला जातो.

पूर्वी ब्रिटनमध्ये हीच प्रतीक्षा प्राण्याला सहा महिने विलगीकरणात ठेवून करावी लागे. २००० मध्ये निवडक देशांसाठी आणि २०१२ पासून भारतासारख्या देशांसाठीही ब्रिटनने लस, चाचणी आणि घरीच प्रतीक्षा हा मार्ग खुला केला. लसीवरचा विश्वास वाढला, तसा मांजरांचा कोंडवासही संपला.

देशागणिक वेगळा हिशेब

जपानमध्ये हिशेब आणखी कडक आहे. तिथे चिपनंतर लसीच्या दोन मात्रा लागतात, त्यांत किमान ३० दिवसांचे अंतर लागते आणि रक्त घेतल्यापासून १८० दिवस थांबावे लागते. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट मांजर स्वीकारतच नाही. आधी तिला मान्यताप्राप्त देशात नेऊन तिथली प्रक्रिया पूर्ण करावी लागते आणि पोहोचल्यावर मेलबर्नजवळच्या केंद्रात किमान दहा दिवस विलगीकरण असते.

अमेरिकेचे चित्र उलट दिसते. १ ऑगस्ट २०२४ पासून त्या देशाने कुत्र्यांचे नियम कडक केले आणि रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांच्या यादीत भारत आहे. मांजरासाठी मात्र केंद्रीय पातळीवर लसीच्या दाखल्याची सक्ती नाही. तरी राज्यांचे नियम निराळे असतात आणि रेबीजमुक्त हवाईत तर प्राण्यांसाठी स्वतंत्र विलगीकरण व्यवस्थाच आहे. त्यामुळे ओळखीच्या कुणी दोन वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये. ज्या देशात जायचे त्याच्या सरकारी संकेतस्थळावरचा ताजा नियम वाचावा आणि विमान कंपनीलाही लेखी विचारावे. पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या मांजरांना श्वासाचा त्रास लवकर होत असल्याने अनेक विमान कंपन्या त्यांना मालकक्षातून नेत नाहीत.

प्रवासाआधी मांजराला गुंगीचे औषध देण्याचा मोह टाळावा. उंचीवर त्याचा श्वासावर आणि रक्तदाबावर होणारा परिणाम सांगता येत नाही. त्याऐवजी काही आठवडे आधीपासून प्रवासाची पेटी घरात उघडी ठेवावी आणि मांजराला तीत जेवायची, झोपायची सवय लावावी. नव्या घरी पोहोचल्यावर मांजराने, विशेषतः लठ्ठ मांजराने, एक-दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही तर पशुवैद्यकाला दाखवावे. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचून ते निकामी होऊ शकते.

‘साधाच ओरखडा आहे’

घाबरलेल्या मांजराला पेटीत कोंबताना हातावर ओरखडे उठतात, कधी दातही लागतो. असे रुग्ण रुग्णालयात येतात ते अनेकदा दोन-तीन दिवसांनी आणि जखमेवर हळद, चुना किंवा मिरचीपूड लावून. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून ठिपक्याएवढी दिसणारी जखम आत खोल असते आणि जिवाणूंमुळे हात एका दिवसात सुजू शकतो.

मांजर चावले किंवा बोचकारले तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. काहीही चोळू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्त न येता किरकोळ ओरखडा असेल तर लस, आणि कातडी फाटून रक्त आले असेल तर लसीसोबत जखमेत रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिन असा उपचार ठरतो. सरकारी रुग्णालयांत लस मोफत मिळते. मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवावे, पण त्यासाठी उपचार लांबवू नयेत. मांजर दहा दिवस धडधाकट राहिले तर पुढच्या मात्रांबाबत डॉक्टर निर्णय घेऊ शकतात. मांजर घरातले आहे, एवढे कारण पुरेसे नाही. तिची लस वेळेवर झाली आहे का आणि ती बाहेर हिंडते का, हे प्रश्न महत्त्वाचे असतात.

मागे राहणारी मांजरे

चार महिने हाताशी नसलेली कुटुंबे काय करतात? काही जण नातेवाइकांकडे मांजर ठेवतात आणि प्रक्रिया पूर्ण झाल्यावर नेतात. हा उत्तम मार्ग आहे. पण काही मांजरे सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘सोडली’ जातात. घरात वाढलेल्या मांजराला कुत्र्यांपासून बचाव जमत नाही. तिची लस संपते, तिला पिल्ले होतात आणि सोसायटीतील मुले त्या पिल्लांना उचलून घेतात. रेबीजची साखळी अशीच माणसापर्यंत येऊ शकते. प्राण्याला उपाशी-तहानलेले राहावे लागेल अशा स्थितीत विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. नेणे शक्य नसेल तर निर्बीजीकरण आणि लसीकरण करून, लसीच्या कार्डासह मांजर जबाबदार घरी द्यावे.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर भटक्या कुत्र्यांवर देशभर वाद झडले. त्या गदारोळात मांजर कुणालाच आठवले नाही. प्रत्यक्षात शहरी घरांमध्ये मांजरे पाळली जात आहेत आणि ‘घरातच तर असते’ म्हणून त्यांची लस राहून जाते. शेजारच्या गोव्याने गेल्या दशकात कुत्र्यांचे व्यापक लसीकरण, देखरेख आणि शाळांतून जनजागृती यांच्या जोरावर रेबीज मोठ्या प्रमाणात आटोक्यात आणला. देशाने २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारे रेबीजचे मृत्यू थांबवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यासाठी मुख्य भर कुत्र्यांवर हवाच, पण पालिकांच्या लसीकरण शिबिरांत मांजरांसाठीही जागा असावी.

युरोपला निघालेल्या मांजराकडे ओळखक्रमांक असतो, वेळेवर घेतलेली लस असते आणि नोंदी असलेले कार्ड असते. त्यातली लस आणि कार्ड या दोन गोष्टींसाठी विमानाचे तिकीट लागत नाही. त्या कोथरूडमधल्या किंवा डोंबिवलीतल्या मांजरालाही मिळू शकतात. त्या मिळतील तेव्हा तिच्या ओरखड्याची धास्ती कमी होईल, आणि अशी मांजरे व कुत्रे घरोघरी, गल्लोगल्ली वाढतील तेव्हा एखादे दिवशी त्या याद्यांत भारताचेही नाव येईल.