पहिल्या सभेत काय मांडाल?

२०२५ च्या नोव्हेंबरात आमच्या गल्लीतून दिवसातून दहा वेळा प्रचाराच्या रिक्षा फिरायच्या. भोंग्याच्या आवाजात कुकरच्या शिट्ट्याही मोजता यायच्या नाहीत. नगरपरिषदेची निवडणूक नऊ वर्षांनी लागली होती. २०१६ ला निवडून आलेल्यांची मुदत संपली, मग ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासकच कारभार बघत होते. म्हणजे गटार तुंबलं तर नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडायचीही सोय राहिली नव्हती. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितलं, तेव्हा कुठे गाडी हलली.

त्यात आमचं नगराध्यक्षपद सोडतीत महिलेसाठी राखीव निघालं आणि निवड थेट जनतेतून. हे ‘थेट’चं प्रकरण आपल्या राज्यात सारखं बदलत आलंय. २००१ ला थेट, नंतर नगरसेवकांमधून, २०१६ ला पुन्हा थेट, २०२० ला ते रद्द आणि २०२२ ला परत थेट. असो. आमच्या दृष्टीने एवढंच की नगराध्यक्ष कोण हे आम्ही बटण दाबून ठरवणार होतो, आणि जी कोणी होणार ती बाईच असणार होती.

उमेदवार तीन. तिघींची पत्रकं मी ओट्यावर शेजारी शेजारी मांडली. पहिल्या पत्रकात शहराच्या वेशीवर भव्य कमान. दुसऱ्यातही कमान, पण दोन. चौकांचं सुशोभीकरण, खुली व्यायामशाळा, कारंजं, चोवीस तास पाणी. ‘महिला सक्षमीकरण’ हे शब्द तिन्हींत शेवटच्या ओळीत होते, त्याखाली काहीच नाही. आणि दोन पत्रकांवर उमेदवारापेक्षा तिच्या नवऱ्याचा फोटो मोठा!

नेमकं त्याच दिवशी आठवडी बाजारात भाजीवाल्या मावशींकडे गेले होते. गेली पंधरा वर्षं मी त्यांच्याकडूनच मेथी घेते. सकाळी सहाला एसटीने येतात, दिवेलागणीला परत जातात. मी म्हटलं, “मावशी, चहा सांगू का?” तर म्हणाल्या, “नको बाई. चहा घेतला की जावं लागतं. मी तर सकाळपासून पाणीबी पीत न्हाई.”

बाजारात स्वच्छतागृह आहे हो. बाहेर रंगीत पाटीही आहे. पण बायकांच्या बाजूला कुलूप, आणि किल्ली पलीकडच्या टपरीवाल्याकडे. चार पुरुष चहा पीत उभे असताना त्यांच्यातून जाऊन किल्ली मागायची. कोण मागणार? मावशींना लघवीच्या जळजळीचा त्रास सुरू होऊन वर्ष झालं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलंय. घरी गेल्यावर पितात बिचाऱ्या.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईत त्यासाठी २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळ चालली. ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाच्या वतीने उच्च न्यायालयात याचिका झाली आणि रस्त्यावर वावरणाऱ्या बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं हवीत असं न्यायालयाने २०१५ च्या डिसेंबरात महापालिकांना बजावलं. पण मोठ्या शहरातला आवाज आमच्यासारख्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेच्या गावात पोचायला वेळ लागतो. आणि आपण तरी कुठे ओरडतो?

आमच्या बचत गटाच्या बायकांनी ठरवलं की तिन्ही उमेदवारांना मारुतीच्या देवळातल्या सभामंडपात बोलवायचं. भाषण नको, फक्त एक प्रश्न विचारायचा : “निवडून आलात तर पहिल्या सभेत कोणता विषय मांडाल?” तिघींनीही येते म्हणून सांगितलं, आल्या दोघी. एकीच्या वतीने त्यांचे यजमानच बोलले, वीस मिनिटं. त्यातली दहा कमानीवर.

दुसऱ्या वहिनींचे यजमानही सोबत होते. त्यांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले, तेव्हा वहिनी माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “खरं सांगू का ताई? पत्रक मला छापून आल्यावर दाखवलं.”

मी गप्पच झाले. मग विचारलं, “तुम्ही लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं?”

वहिनी लगेच म्हणाल्या, “पाण्याची वेळ. आमच्या गल्लीत कधी पहाटे चारला येतं, कधी दुपारी दोनला. नळाची वाट बघत बसायचं म्हणून माझ्या जावेने शिवणकामाची नोकरी सोडली.”

बघा, चोवीस तास पाणी आणि पाण्याची वेळ यात केवढा फरक आहे! चोवीस तास पाण्याला नवी योजना लागते, राज्याचा-केंद्राचा निधी लागतो, धरणात पाणी लागतं. ते एकट्या नगराध्यक्षाच्या हातात नाही. मनमाडच्या बायकांनी पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी येणाऱ्या पाण्यावर वर्षानुवर्षं संसार केले, ते काय तिथे कोणी आश्वासनं दिली नव्हती म्हणून? पण आमच्याकडे चार दिवसांआड का होईना पाणी येतं. ते कोणत्या भागात किती वाजता सोडायचं याचं वेळापत्रक करणं आणि फळ्यावर लिहून लावणं, याला कोणता निधी लागतो? स्वच्छतागृहाची किल्ली टपरीवरून काढून तिथे एखादी बाई नेमायची तर थोडा खर्च आहे. पण महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचे पाच टक्के असतातच. त्यातून दरवर्षी शिलाई मशीन वाटून फोटो काढले जातात. मशीनला माझी ना नाही. पण मशीन घेणाऱ्या बाईला नळासाठी घरीच अडकून पडावं लागलं तर ती शिवणार कधी?

नगराध्यक्षाने सगळं स्वतः करायचं नसतं. रोजचा कारभार मुख्याधिकारी बघतात. पण सभा नगराध्यक्ष चालवतात. तिथे कोणता विषय येतो आणि कोणता राहून जातो, पैसा कमानीकडे वळतो की नळाकडे, हे त्या खुर्चीवरून बरंचसं ठरतं. आम्हाला त्या वहिनींकडून एवढंच हवं होतं.

दुसऱ्यांना नावं ठेवताना माझंही सांगायला हवं. २०१६ च्या निवडणुकीत आमच्या घरी एक स्टीलचा डबा आला होता, झाकणावर नाव कोरलेला. मी तो ठेवून घेतला. मत त्यालाच दिलं असं नाही, पण प्रश्नही विचारला नाही. डबा घेतलेल्या तोंडाने काय विचारणार? अळीमिळी गुपचिळी. त्या डब्यात अजून माझी तूरडाळ असते आणि झाकण उघडताना दर वेळी ते नाव दिसतं. गटातल्या बायकांना मी हे सांगितलं तेव्हा हशा पिकला. मग एकेक जण बोलायला लागली. कोणाकडे साडी आली होती, कोणाकडे कढई.

२ डिसेंबरला मतदान झालं, निकाल २१ ला लागला. त्या वहिनीच निवडून आल्या. गुलाल उधळला, हार घातले गेले, मिरवणुकीत उघड्या जीपवर पुढे यजमान आणि मागे वहिनी. पहिल्या सभेची विषयपत्रिका मी मुद्दाम मागवून घेतली. त्यात ना पाण्याची वेळ, ना स्वच्छतागृह. वाईट वाटलं. रागही आला.

वहिनींना घरी जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, “ताई, मी तोंडी सांगितलं तर घरातच विषय मिटतो. तुम्ही लेखी द्या. अर्ज आवकला नोंदवून घ्या, पोच घ्या. कागद आला की मला सभेत बोलता येईल.”

मला आधी हे पटलं नाही. निवडून आलेल्या बाईला बोलायला आमचा कागद का लागावा? घरी येईपर्यंत मनात धुसफूस चालू होती. मग आठवलं, लग्नानंतर बी.ए.चं शेवटचं वर्ष पूर्ण करायचं होतं तेव्हा मीही सासऱ्यांशी स्वतः बोलले नव्हते. वडिलांना पत्र लिहायला लावलं होतं.

अर्ज आम्ही लिहिला. दोनच मागण्या ठेवल्या, पाण्याचं वेळापत्रक आणि बाजारातली किल्ली. कोणीतरी त्यात उद्यान घाला म्हणालं, कोणी हायमास्ट दिवे. मी हट्टाने नाही म्हटलं, कारण यादी लांबली की कमान सोपी पडते म्हणून तीच आधी होते. सह्या गोळा करायला बाजाराच्या दिवशी फिरलो. मावशींनी अंगठा दिला आणि म्हणाल्या, मीबी येते तुमच्यासंगं.

मंगळवारी आम्ही अकरा जणी नगरपरिषदेत गेलो. आवकच्या खिडकीशी तासभर उभं राहावं लागलं, पोच मिळाली. मी ती पर्समध्ये नीट घडी करून ठेवत होते, तेवढ्यात मावशींनी माझा पदर ओढला. “ताई,” त्या कुजबुजल्या, “हितं तरी बायकांचं कुठंय?”

तिथेही कुलूप होतं. मी पुन्हा खिडकीशी गेले आणि आणखी एक कोरा कागद मागून घेतला.