डोक्याची जखम भरली, पण बोलण्याचे काय?



सातपुड्यातल्या धडगाव भागात उन्हाळा लागला की आमचुराची घाई सुरू होते. कैऱ्या उतरवायला माणसे आंब्यावर चढतात. चांदसैलीच्या घाटातून जीपगाड्या, मोटारसायकली ये-जा करतात. एखादे दिवशी फांदी मोडते, गाडी घसरते आणि डोक्याला मार बसतो. टाके पडतात, जखम भरते, माणूस हिंडू-फिरू लागतो. घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे.

पुढे मात्र निराळ्याच तक्रारी निघतात. चार माणसांत तोलून बोलणारा गडी आता पाहुण्यांसमोर तोंडाला येईल ते बोलतो. तीच गोष्ट दहादा सांगतो. थट्टा खरी धरून भांडायला उठतो. नाहीतर आपणहून शब्दच काढत नाही. मग कोणी म्हणते माजला, कोणी म्हणते मोहाची चढली, कोणी बडव्याकडे घेऊन जाते. घरात बोलाचाली वाढते आणि संसार मोडायची वेळ येते.

मार बसल्यानंतर स्वभाव असा पालटला, तर तो माज धरू नका. शब्द जुळवणारा भाग बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतो. तो शाबूत राहिला तर बोलणे स्पष्ट राहते. परंतु कोठे थांबावे, कोणापुढे काय बोलू नये, हे सांभाळण्याचे काम मुख्यतः कपाळामागच्या भागाचे. आवाजातला राग किंवा थट्टा ओळखण्यात उजव्या बाजूचा मोठा वाटा असतो. बैल धड, गाडी धड, पण कासरा तुटलेला, अशातली ही गत.

दवाखान्यात हे चटकन कळत नाही. डॉक्टर नाव, गाव, वार विचारतात. तो बरोबर सांगतो. तेथे खोली शांत असते आणि समोर माणूस एकच असतो. खरी कसोटी बाजारात, जेथे चौघे एकदम बोलतात. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या ला ट्रोब विद्यापीठाच्या जॅसिंटा डग्लस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली 30 प्रश्नांची एक प्रश्नावली पुढे आणली. तेच प्रश्न एकदा रुग्णाला विचारतात आणि एकदा त्याला जवळून ओळखणाऱ्याला. दोघांच्या उत्तरांत अंतर पडले तर तेही उपयोगाचे, कारण आपले बोलणे बदलले आहे हे पुष्कळ रुग्णांना स्वतःला उमगतच नाही.

ही तपासणी तज्ज्ञांनीच करावी; पण तिची तयारी आपल्याला घरी करता येते. आठवडाभर नीट पाहा. तो दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ देतो का? विषय सोडून भरकटतो का? तेच ते सांगतो का? गलबल्यात गोंधळतो का? समोरच्याचा राग, कंटाळा त्याला ओळखू येतो का? काय घडले, कधी घडले, हे लिहून ठेवा. थकलेल्या घरधनिणीबरोबर भाऊ किंवा शेजारी, अशा आणखी एकालाही विचारा.

माप मात्र त्याचेच लावा. जन्माचा अबोल माणूस आजही अबोल असेल, तर तो दोष नव्हे. आणि घरात पावरी किंवा भिली बोलणाऱ्याची परीक्षा मराठीत घेतली तर निकाल चुकायचाच. तेव्हा दुभाषा म्हणून घरचे कोणीतरी बरोबर न्या.

हे टिपण घेऊन धडगावच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा नंदुरबारला जिल्हा रुग्णालयात जा. आधी कान तपासून घ्या, मग वाचा-उपचार तज्ज्ञ कोठे भेटतील ते विचारा. मुंबईत वांद्र्याला 1983 साली निघालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामाची आहे.

तोवर घरात एका वेळी एकानेच बोलावे. वाक्ये लहान असावीत. चारचौघांत त्याला खडसावू नये. खांद्यावर हात ठेवला की थांबायचे, अशी खूण दोघांत ठरवावी. दारू तर त्याला वर्ज्यच.

एक गोष्ट विसरू नका. मार लागून काही आठवडे उलटले असले तरी डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलटी झाली, झापड आली, हातपाय लुळा पडू लागला किंवा झटका आला, तर टिपणे करीत बसू नका. तडक दवाखाना गाठा.